गिधाडे कोठे गेली?

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



“वन्यजीवन व पर्यावरण” या विषयावर मी चार शब्द बोलावे, अशी संस्थेची इच्छा मला कळविण्यात आली, तेव्हा प्रथम मी थोडा गोंधळलो. मी भाषा व भूगोल शिकविणारा शिक्षक आहे, प्राणिशास्त्राचा पदवीधर नव्हे. शिवाय विषय एवढा विस्तीर्ण की, वाघापासून वाळवीपर्यंत आणि हिमालयापासून आपल्या खाडीपर्यंत सारे त्यात येते. अर्ध्या तासात सर्वांवर बोलायचे म्हटले तर कोणाविषयीच काही सांगून होत नाही. म्हणून मी असे ठरविले की, एकाच प्राण्याविषयी बोलावे. आणि तो प्राणी असा निवडावा की, जो पाहण्यासाठी आपल्या वडीलधाऱ्यांना रानात जावे लागत नव्हते. तो पक्षी म्हणजे गिधाड. जे वाचक त्या दिवशी सभागृहात नव्हते, त्यांनीही हे शब्द आपल्यालाच उद्देशून आहेत असे समजावे.

नाव ऐकून आपणांपैकी काहींना हसू आले असेल. ते साहजिकच आहे. आपल्या भाषेने या पक्ष्याला कधी मानाने वागविले नाही. मयताच्या घरी इस्टेटीसाठी जमणाऱ्या नातेवाइकांना आपण गिधाडे म्हणतो. कोणाच्या अडचणीचा फायदा घेणारा सावकार “गिधाडासारखा टपून बसला” असे म्हणतो. मोराला कविता मिळाली, कोकिळेला वसंत मिळाला, गिधाडाच्या वाट्याला मात्र शिवी आली. अपवाद एकच. रामायणातील जटायूला लोकांनी मोठे स्थान दिले. नाशिक जिल्ह्यात इगतपुरी तालुक्यातील टाकेद येथे जटायूचे स्थळ म्हणून भाविक आजही जातात. परंतु कथेतल्या जटायूला हात जोडणारा माणूसही झाडावरच्या गिधाडाकडे पाहून नाक मुरडतो.

ज्या पक्ष्याला आपण नाक मुरडतो, तो काय काम करीत होता, हे आधी पाहू.

आपल्या देशात गिधाडांच्या नऊ जाती आढळतात. त्यांपैकी आपल्या किनारपट्टीवर पूर्वी मुख्यत्वे दिसे ते पांढऱ्या पाठीचे गिधाड. वजन सुमारे पाच किलो आणि पंख पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन मीटरांहून अधिक. ते उंच झाडांवर घरटे करते. कोकणात आंबा, अर्जुन, क्वचित नारळावरसुद्धा. सह्याद्रीच्या कड्यांवर राहते ते लांब चोचीचे गिधाड. दोघांचाही आहार एकच, मेलेले जनावर. ही गिधाडे जिवंत प्राण्यावर हल्ला करीत नाहीत. त्यांचे पाय गरुडासारखे शिकार पकडण्याजोगे नसतात. ते चालण्यासाठी व उभे राहण्यासाठी असतात.

सकाळी गिधाड लवकर उडत नाही. ऊन चढून जमीन तापली, हवा वर जाऊ लागली की, त्या हवेच्या आधाराने पंख न हलविता ते आकाशात चढते. वरून त्याला मैलोगणती मुलूख दिसतो. आपल्याकडील गिधाडे मेलेले जनावर वासाने शोधत नाहीत, नजरेने शोधतात. त्यातही एक गंमत आहे. प्रत्येक गिधाड जमिनीवर लक्ष ठेवते, तसेच शेजारच्या गिधाडावरही ठेवते. एक खाली उतरू लागले की ते पाहून दुसरे वळते, दुसऱ्याला पाहून तिसरे. अशा रीतीने थोड्याच वेळात दूरदूरची गिधाडे एका जागी जमतात आणि तासाभरात बैलासारख्या मोठ्या जनावराची फक्त हाडे उरतात.

त्याच्या डोक्यावर व मानेवर पिसे का नाहीत, असे मुले विचारतात. ज्याला मृत देहात मान घालून खायचे आहे, त्याची पिसे रक्तामांसाने चिकटून राहिली तर घाण साचेल. उघडी कातडी उन्हात वाळते व स्वच्छ राहते. त्याच्या जठरातील आम्ल इतके तीव्र असते की, ज्या जंतूंनी माणूस किंवा गुरे दगावतात त्यांतील अनेक जंतू तेथे मरून जातात. म्हणजे रोगाने मेलेले जनावर गिधाडाने खाल्ले की त्या रोगाचा प्रवास बव्हंशी तेथेच थांबतो. ना पगार, ना सुट्टी, ना नगरपालिकेची गाडी. गावाच्या आरोग्याचे हे खाते हजारो वर्षे फुकट चालत आले.

आता मी आमच्या वर्गातील एक गोष्ट सांगतो. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत इयत्ता आठवीच्या मुलामुलींना मी तीन प्रश्न दिले होते. तुमच्या घरातील वडीलधाऱ्या माणसांनी गिधाडे पाहिली होती काय? कोठे? आणि शेवटची केव्हा? सुट्टी संपल्यावर वह्या आल्या. पहिल्या प्रश्नाला ज्यांच्या घरी साठीच्या पुढची माणसे होती, त्या बहुतेक सर्वांनी “होय” लिहिले होते. दुसऱ्याला नाना उत्तरे होती. खाडीपलीकडचा माळ, स्मशानाजवळची आंब्याची रांग, बाजाराच्या दिवशी गुरे बांधत ती जागा. एका मुलीच्या नानीने सांगितले की, वाडीतल्या उंच माडावर गिधाड बसले की घरातली बायकामाणसे मुलांना अंगणात बोलावून घेत. तिसऱ्या प्रश्नाला मात्र कोणालाच नक्की उत्तर देता आले नाही. एका मुलाच्या आजोबांचे उत्तर माझ्या मनात घर करून राहिले आहे. ते म्हणाले, “मी आखातात नोकरीला गेलो तेव्हा होती. कायमचा परत आलो तेव्हा नव्हती.”

पाहा, एवढा मोठा पक्षी, गावाच्या वेशीवर रोज दिसणारा. तो गेला आणि तो कोणत्या वर्षी गेला हे गावात कोणाला सांगता येत नाही. माझे स्वतःचे वय पस्तीस. माझ्या बालपणी ती जवळपास संपलीच होती. माझ्यापुढे बसलेल्या मुलांनी तर गिधाड फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिले आहे.

ती का गेली, याविषयी मुलांनी घरून आणलेल्या उत्तरांत तीन कारणे होती. कोणी म्हणाले, मोबाइलचे टॉवर आले म्हणून. कोणी म्हणाले, गावात गुरे राहिली नाहीत, मग गिधाडे काय खाणार? आणि कोणी म्हणाले, ती दुसऱ्या देशी निघून गेली. वर्गात आम्ही एकेक कारण तपासून पाहिले. आपल्या देशात मोबाइल सेवा १९९५ साली सुरू झाली आणि खेडोपाडी टॉवर उभे राहण्यास त्यानंतर बरीच वर्षे लागली. गिधाडांचा ऱ्हास त्याआधीच सुरू झालेला होता. तेव्हा ते कारण बाद झाले. दुसरे कारण आजच्या कोकणापुरते काही अंशी खरे आहे, त्याकडे मी नंतर येतो. पण राजस्थानात व उत्तरेत मेलेली गुरे माळावर पडून राहत होती आणि खायला पक्षी येत नव्हते. उपासमारीने मरणाऱ्याच्या पुढ्यातले ताट भरलेले नसते. आणि दुसऱ्या देशी निघून जावे, तर शेजारच्या पाकिस्तानात व नेपाळातही तोच प्रकार होता.

मग खरे कारण काय? ते शोधून काढण्याची हकीकत एखाद्या तपासकथेइतकी रंजक आहे.

राजस्थानात भरतपूर येथे केवलादेव घना हे जगप्रसिद्ध राष्ट्रीय उद्यान आहे. तेथे १९८०च्या दशकात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची साडेतीनशेच्या आसपास घरटी होती. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे शास्त्रज्ञ डॉ. विभू प्रकाश तेथे शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करीत होते. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांना दिसले की घरटी झपाट्याने कमी होत आहेत आणि गिधाडे मान खाली लोंबकळत ठेवून फांदीवर बसून राहतात व मरून पडतात. २००३पर्यंत तेथे एकही घरटे उरले नाही. पुढे देशभर पाहणी झाली, तेव्हा असे आढळले की, १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी ९९.९ टक्के नाहीशी झाली. विद्यार्थी मित्रहो, गणित करून पाहा. हजारातले एक उरले. लांब चोचीची व बारीक चोचीची गिधाडेही सुमारे ९७ टक्क्यांनी घटली. जो पक्षी काही वर्षांपूर्वी जगातल्या सर्वाधिक संख्येच्या मोठ्या शिकारी पक्ष्यांत गणला जात होता, त्याची ही गत.

प्रथम सर्वांना वाटले, एखादी साथ असावी. जंतू शोधले, सापडले नाहीत. कीटकनाशके तपासली, त्यांतही उत्तर मिळेना. अखेर पाकिस्तानातील पंजाबात डॉ. लिंडसे ओक्स या अमेरिकन पशुवैद्यक शास्त्रज्ञाने व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलेल्या गिधाडांची चिकित्सा केली. बहुसंख्य पक्ष्यांच्या काळजावर, यकृतावर चुन्यासारखा पांढरा थर होता. तो युरिक आम्लाचा. म्हणजे मूत्रपिंडे निकामी झालेली. मूत्रपिंड कशाने निकामी होते? त्यांनी मग असा विचार केला की, गिधाड गुरे खाते, तर गुरांना काय दिले जाते ते पाहावे. दुकानांतून, पशुवैद्यांकडून माहिती काढली, तेव्हा डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाचे नाव पुढे आले. ज्या २५ गिधाडांत असा थर होता त्या सर्वांच्या मूत्रपिंडांत हे औषध सापडले. ज्या १३ गिधाडांत थर नव्हता त्यांतील एकातही सापडले नाही. २००४ साली हा निष्कर्ष ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

डायक्लोफिनॅक हे नाव आपल्याला परके नाही. गुडघा दुखला, कंबर धरली, की माणसे याच औषधाची गोळी घेतात व मलम चोळतात. १९९०च्या दशकात ते स्वस्त झाले आणि गुरांसाठीही सर्रास वापरले जाऊ लागले. बैल लंगडला, म्हैस तापाने बसली, कास सुजली, की एक सुई. जनावर बरे झाले तर काहीच प्रश्न नव्हता, कारण काही दिवसांत औषध अंगातून निघून जाते. परंतु सुई देऊनही ते जनावर लगेच मेले आणि माळावर टाकले, तर त्या मांसातून औषध गिधाडाच्या पोटात जाते व दोन-तीन दिवसांत ते पक्षी मरतात.

येथे कोणीही शंका काढील की, अशी कितीशी गुरे असणार? ही शंका अगदी रास्त आहे आणि तिचे उत्तर धक्का देणारे आहे. शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला तो असा की, शंभरातल्या एकाहूनही कमी मृत जनावरांत हे औषध घातक प्रमाणात असले, तरी एवढा संहार घडू शकतो. कारण गिधाडे एकेकटी जेवत नाहीत. एका बैलावर पन्नास-शंभर पक्षी बसतात आणि सारी पंगत एकाच वेळी विषबाधित होते. दुसरे असे की, गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू मोठे होऊन अंडी घालण्यायोग्य होण्यास पाचेक वर्षे लागतात. ज्याचे जमा वर्षाला एक आणि खर्च एका दिवसात शंभर, त्याचे दिवाळे निघण्यास किती वेळ लागणार?

या साऱ्या प्रकारात कोणाचाही दुष्ट हेतू नव्हता, हे मला विशेषकरून सांगावयाचे आहे. वाघ मारणारा शिकारी कातडीसाठी मारतो. येथे शेतकऱ्याने दयेपोटी आपल्या बैलाला सुई दिली. गुरांच्या डॉक्टराने रोग्याला आराम दिला. औषध बनविणाऱ्याला हे ठाऊक नव्हते. सर्वांनी आपापल्या परीने बरेच केले आणि कोट्यवधी पक्षी मेले. पर्यावरणाचे प्रश्न पुष्कळदा असेच असतात. म्हणून नुसते चांगले मन पुरत नाही, माहितीही लागते. आणि माहिती देणे हेच शाळेचे काम आहे.

“गिधाडे गेली तर आमचे काय बिघडले?” असा प्रश्न एका पालकांनी मला रस्त्यात विचारला होता. त्याचे उत्तर येथे देतो. गिधाडे गेली, पण गुरे मरायची थांबली नाहीत. ते मांस कुजत पडले, पाण्यात उतरले आणि भटक्या कुत्र्यांच्या वाट्याला आले. कुत्र्यांची पैदास वाढली. कुत्रे जनावर साफ करीत नाही, अर्धे खाते आणि जंतू घेऊन वस्तीत येते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असा अंदाज केला आहे की, गिधाडांच्या ऱ्हासामुळे देशात कुत्र्यांची संख्या किमान ५५ लाखांनी वाढली आणि १९९२ ते २००६ या काळात पिसाळलेल्या कुत्र्यांच्या चाव्याने सुमारे ४८ हजार अधिक माणसे दगावली. २०२४ साली अर्थशास्त्रज्ञ एयाल फ्रँक व अनंत सुदर्शन यांनी जिल्हावार मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. जेथे पूर्वी गिधाडे भरपूर होती आणि जेथे नव्हती अशा जिल्ह्यांची तुलना करून, त्यांनी २००० ते २००५ या काळातील सुमारे पाच लाख अधिक मृत्यूंचा संबंध गिधाडांच्या नाहीसे होण्याशी लावला. असे आकडे अंदाजाचे असतात. पण निम्मे धरले तरी झोप उडावी, असे ते आहेत. मुंबईतील पारशी बांधवांना तर आपल्या अंत्यसंस्काराच्या रीतीतच अडचण उत्पन्न झाली. डुंगरवाडीत सूर्याची उष्णता एकवटणारी यंत्रे बसवावी लागली.

मग सरकारने काही केले की नाही? केले. २००६ साली गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घालण्यास सुरुवात झाली. तेव्हा काही ठिकाणी माणसांसाठीच्या औषधाच्या मोठ्या कुप्या गुरांसाठी वापरल्या जाऊ लागल्या. म्हणून २०१५ साली माणसांसाठीची कुपी तीन मिलिलिटरपुरती मर्यादित केली, म्हणजे एका म्हशीसाठी कित्येक कुप्या फोडाव्या लागतील. त्यानंतर असे कळून आले की, केटोप्रोफेनही गिधाडांना घातक आहे आणि ॲसिक्लोफिनॅकचे तर गाईच्या शरीरात डायक्लोफिनॅकच होते. २०२३ साली या दोहोंवर गुरांसाठी बंदी आली व पुढे निमेसुलाईडवरही आली. हरयाणात पिंजोर येथे सोसायटीने व तेथील वन खात्याने गिधाडांचे प्रजनन केंद्र चालविले आहे. २०२४ साली तेथे वाढविलेली वीस गिधाडे आपल्या महाराष्ट्रात ताडोबा व पेंच येथे आणण्यात आली. त्यांतली काही दगावली. पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्याला आकाश शिकविणे सोपे नसते. एक जात घालवायला पंधरा वर्षे पुरली. परत आणायला किती पिढ्या लागतील, हे यावरून ध्यानी घ्यावे.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळतो. रायगड जिल्ह्यात गिधाडे अगदी संपली असे नाही, ही आनंदाची गोष्ट आहे. म्हसळा तालुक्यातील चिरगाव येथे पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची वस्ती टिकून राहिली, ती गावकऱ्यांच्या व महाडच्या ‘सीस्केप’ या संस्थेच्या प्रयत्नाने. मेलेल्या जनावराची खबर मिळाली की ते नेऊन ठरलेल्या जागी ठेवणे, घरट्यांच्या झाडांवर लक्ष ठेवणे, पिल्लू पडले तर त्याला वाचविणे, असे हे चिकाटीचे काम आहे. मुरूड-रोह्याकडचे फणसाडचे रान पूर्वी जंजिऱ्याच्या नबाबांचे राखीव शिकारीचे रान होते. शिकारीसाठी राखले म्हणून जंगल उभे राहिले, आणि १९८६ साली ते अभयारण्य झाले. तेथेही गिधाडांना अन्न मिळावे अशी सोय वन खात्याने केली. नाशिक जिल्ह्यात हरसूलजवळ खोरीपाडा येथील आदिवासी गावकरी असेच गिधाडांचे ‘उपाहारगृह’ चालवितात.

परंतु कोकणातल्या अडचणी खऱ्या आहेत आणि त्या लपविण्यात अर्थ नाही. पहिली अडचण अन्नाची. नांगराला बैलाऐवजी यंत्र आले, गोठे ओस पडले, जे जनावर मरते तेही पुरले जाते. पूर्वी मेलेले जनावर ओढून नेण्याचे काम एका समाजाच्या माथी जन्माने मारलेले होते. १९२७ साली आपल्याच जिल्ह्यात महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत मांस सोडण्याचा उपदेश केला, आणि लोकांनी ते हीन लेखलेले काम झुगारून दिले, हे सर्वथा योग्यच झाले. आता हे काम कोणा एका जातीचे नसून ग्रामपंचायतीचे आहे आणि त्यासाठी तिने गाडी, मजुरी व जागा यांची तरतूद केली पाहिजे.

दुसरी अडचण झाडांची. उंच, जुने आंबे व अर्जुन लाकडासाठी तुटतात. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने श्रीवर्धन-म्हसळा भागात झाडांची किती नासधूस केली, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. तिसरी अडचण मालकाची. माडावर गिधाडाचे घरटे झाले की विष्ठेने झाड खराब होते आणि नारळाचे उत्पन्न बुडते. ज्याचे घर चार माडांवर चालते, त्याला “निसर्गासाठी सोसा” असे सांगणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. सर्व गावाचा फायदा होत असेल, तर त्या एका माणसाचे नुकसान सर्व गावाने वाटून घ्यावे.

तेव्हा आपण काय करावे? फार मोठ्या गोष्टी मी सांगत नाही. घरी जाऊन करता येतील अशा पाचच सांगतो.

पहिली गोष्ट : ज्यांच्या घरी गाय, म्हैस, बैल आहे, त्यांनी सुई देण्यापूर्वी पशुवैद्याला औषधाचे नाव विचारावे. मेलॉक्सिकॅम हे औषध गुरांच्या दुखण्यावर चालते आणि ते गिधाडांना सुरक्षित आहे. टोल्फेनॅमिक ॲसिड हेही सुरक्षित ठरले आहे. बैलाला तडफडत ठेवा, असे कोणी म्हणत नाही. फक्त नाव बदलायचे आहे. आपले काही माजी विद्यार्थी औषधांच्या दुकानात आहेत. त्यांना माझी विनंती आहे की, माणसांची कुपी गुरांसाठी मागणाऱ्याला नकार द्यावा व का नकार दिला ते समजावून सांगावे.

दुसरी गोष्ट : उपचार चालू असताना जनावर मेले आणि कोणते औषध दिले ते ठाऊक नसेल, तर ते उघड्यावर टाकू नये, खोल पुरावे. विषाची शंका असेल तर मुळीच टाकू नये. जे जनावर म्हातारपणाने, औषधाविना मेले, त्याची खबर वन खात्याला किंवा गिधाडांसाठी काम करणाऱ्या मंडळींना द्यावी.

तिसरी गोष्ट : आपल्या घरचा व दावतीचा कचरा. लग्नाच्या पंगतीनंतर, कुर्बानीच्या दिवसांत आणि दर आठवड्याच्या बाजारातही, आतडी-हाडे रस्त्याच्या कडेला, खाडीच्या काठी टाकलेली दिसतात. त्यावर वाढतात ती कुत्री. ती घाण खोल खड्ड्यात पुरून वर चुना-माती टाकावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून फेकू नये, कारण पिशवीसकट ते गाईच्या पोटात जाते. स्वच्छता ही सर्वांनाच शिकविलेली गोष्ट आहे. ती उंबरठ्याशी थांबू नये. आणि कुत्रा चावला तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी व त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. हळद-मिरची भरून घरी बसू नये. हे वाक्य तरी प्रत्येक मुलाने घरी जाऊन सांगावे.

चौथी गोष्ट : वाडीतले एक तरी उंच झाड राखावे. मशिदीच्या, देवळाच्या, शाळेच्या आवारातील जुनी झाडे हा सार्वजनिक ठेवा आहे. देवराईचे झाड कोणी तोडीत नाही, तोच नियम या झाडांना लावावा.

पाचवी गोष्ट शाळेसाठी. सप्टेंबरचा पहिला शनिवार हा आंतरराष्ट्रीय गिधाड जागृती दिन म्हणून पाळला जातो. शिवाय ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह महाराष्ट्र शासनाने २०२० पासून सुरू केला आहे. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा, तर १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा जन्मदिवस. या दोन प्रसंगी आपल्या प्रत्येक शाळेने मुलांच्या हातात वही द्यावी आणि गावातले पक्षी नोंदवून घ्यावेत. नोंद का हवी, ते आपण आताच पाहिले. गिधाडे गेल्याचे साल आपल्या गावात कोणालाच सांगता आले नाही, कारण लिहून ठेवणारा कोणी नव्हता. उद्या चिमणी, धनेश किंवा खाडीतला बगळा जाऊ लागला, तर ते वेळेवर कळले पाहिजे.

डॉ. सालिम अलींचे नाव निघाले, म्हणून दोन वाक्ये. १८९६ साली मुंबईत जन्मलेला हा मुलगा लहानपणीच पोरका झाला आणि मामांनी वाढविला. एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, तो का, एवढ्या प्रश्नावरून तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दारात गेला आणि पुढे साऱ्या देशाला पक्षी ओळखावयास शिकविता झाला. आपल्या अलिबागजवळ किहीमला राहून त्यांनी १९३० साली सुगरणीच्या घरट्यांचा जो अभ्यास केला, तो मोठमोठ्या यंत्रांनी नव्हे, तर दुर्बीण, वही आणि धीर यांच्या बळावर. आज समोर बसलेल्या मुलांपैकी कोणाला असा एखादा प्रश्न पडला आणि त्याने तो शिक्षकांना विचारला, तर शिक्षकांनी “अभ्यासक्रमात नाही” असे म्हणून त्याला खाली बसवू नये, एवढेच मला माझ्या सहकाऱ्यांना नम्रपणे सुचवायचे आहे.

पालक बंधुभगिनींनो, शाळा काढताना आपल्या वडीलधाऱ्यांनी पदरमोड केली, ती स्वतःसाठी नव्हे, तर जी मुले त्यांनी पाहिलीही नव्हती त्यांच्यासाठी. निसर्गाचेही तसेच आहे. येत्या सोमवारी आठवीचा नवा वर्ग तेच तीन प्रश्न घेऊन तुमच्या घरी येईल. त्यांत या वर्षी मी चौथा प्रश्न जोडला आहे, “आपल्या गोठ्यातल्या जनावराला शेवटची सुई कोणती दिली?” कृपा करून वेळ काढा, औषधाची चिठ्ठी शोधा आणि मुलाला खरे उत्तर द्या. त्या वह्या आम्ही तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन दाखविणार आहोत.

 एवढे बोलून मी आपली रजा घेतो.

जय हिंद!